दोन तारांची फुली

एका जंगलात, पोरांनो, एक घरगुती कॉम्प्युटर होता. इतका जुना, की त्याच्यापुढे कासवही कालचं वाटावं. त्याला फ्लॉपी भरवावी लागे, आणि तिच्यावर लिहायचं, ती वाचून दाखवायचं काम एका हिरव्या कार्डाकडे होतं.

ऐन वैशाखात ते कार्ड जळालं. तळं आटत आलेलं. जुना झरा कुठे गाडला गेलाय, ते थोरल्या कासवानं मरण्याआधी एका फ्लॉपीत लिहून ठेवलेलं. कार्ड नाही तर झरा नाही. झरा नाही तर पुढची गोष्टही नाही, तेव्हा नीट बसा.

काम आलं ठोकोबा सुतारपक्ष्याकडे. भोकं पाडावीत तर त्यानंच. दुसऱ्याच्या कामात खोट काढावी तर तीही त्यानंच.

जळकं कार्ड पाहून तो चुकचुकला. "हे कुणी केलं होतं?"

"मी," वानरबुवा म्हणाले. बुवा जंगलाचे सल्लागार. सल्ला कुणी मागत नसे, म्हणून तो संपतही नसे.

"बुवा, या दोन तारा एकमेकींच्या जागी जोडल्यात तुम्ही. फुली झालीय."

"तीस वर्षं चाललं ना?"

"चाललं म्हणून बरोबर होतं का?"

आठ दिवस खपून ठोकोबानं नवं कार्ड केलं. तारा कशा सुतात. सगळं जंगल जमलं. फ्लॉपी सारली. पडद्यावर उमटलं: ढफ ठळळ घ.

"ठळळ म्हणजे ओढ्यापलीकडे असणार," गाढव म्हणालं. ते चार बुकं शिकलेलं होतं.

"ठोकोबाभाऊ," रानडुक्कर म्हणालं, "तळ्यात आता माझं पोटसुद्धा भिजत नाही. काय ते लवकर बघ."

ठोकोबा विचाराला बसला. म्हणजे झाडावर डोकं आपटायला लागला. सात भोकं पडली, आठव्यात उजेड पडला. बुवांचं कार्ड लिहितानाही उलटं, वाचतानाही उलटं. दोनदा उलटलं की भाकरी मूळच्या बाजूवर येते. पण लिहिणारं उलटं आणि वाचणारं सरळ, तर होणारच ठळळ.

झालं. आपल्याच हातच्या, नव्हे चोचीच्या, सरळ तारा त्यानं उपटल्या आणि डोळे मिटून फुली मारली.

पडद्यावर आलं: वारुळाच्या पूर्वेला जांभळीखाली खणा.

खणलं. पाणी लागलं.

हत्तीनं शाल आणि नारळ मागवले, वानरबुवांसाठी. "काय ही दूरदृष्टी," हत्ती म्हणाला.

"मुद्दामच ठेवली होती ती फुली," बुवा शाल सावरत म्हणाले. ठोकोबाला झाडाची आठ भोकं बुजवायला सांगितलं.

त्यानं ती बुजवली. जाता जाता त्यानं नव्या कार्डाच्या कोपऱ्यात एक नववं भोक पाडलं.

"हे कशाला रे?" डुकरानं विचारलं.

"कशालाच नाही. तीस वर्षांनी मलाही शाल लागेल."

तात्पर्य: पोरांनो, चुका जरूर करा, पण सगळ्यांच्या आधी करा. मागून येऊन बरोबर वागणाऱ्याला भोकं बुजवावी लागतात.