पोकळ मूठ

"ताई यायच्या आत ते चाकू आवरा," बायको म्हणाली. "आधीच ते कपाट त्यांच्या डोळ्यांत खुपणार. त्यावर आणखी तुमचं दुकान नको."

"आवरतो गं," जंगलकाका म्हणाले.

जंगलकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. जंगल त्यांनी आयुष्यात पाहिलं ते कॅलेंडरवर. नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या टेबलावर. दिवसभर आग, पूर, कोसळलेली भिंत, बुडालेली होडी असले कागद वाचून वाचून या माणसाच्या मनानं घेतलं, की एक दिवस आपल्यावरही प्रसंग येणार आणि तेव्हा आपण तयार असलं पाहिजे. आता तयारी म्हणून कुणी पोहायला शिकतं, कुणी व्यायाम करतं. यांनी चाकू जमवले. तेही साधेसुधे नव्हेत, पोकळ मुठीचे! दांडगं पातं, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या टोकाला फिरकीचं झाकण, झाकणात इवलंसं होकायंत्र. झाकण काढलं की आत सुई, दोरा, मासे धरायचा गळ आणि चार काड्या. असा एक चाकू कमरेला असला की माणूस रानात महिनाभर आरामात तगतो, असं ते येईल त्याला ऐकवत. बायको एक दिवस माहेरी गेली तर मात्र चहा प्यायला शेजारी जात.

हे असे तीस-पस्तीस चाकू मागच्या खोलीत लोखंडी कपाटावर ओळीनं मांडलेले होते. आणि ते कपाट म्हणजे या घरातलं खरं दुखणं.

कपाट वडिलांचं. अण्णा कारखान्यात फिटर होते. ते गेले आणि कपाटाची किल्ली काही सापडली नाही. आत अण्णांची हत्यारांची पेटी होती आणि आईचं हातानं चालवायचं शिलाई मशीन होतं. ते मशीन ताईला हवं होतं. ताई शिवणकाम करायची आणि त्याच मशीनवर आईच्या मांडीला मांडी लावून शिकली होती. "किल्ली बघ ना रे कुठं आहे," एवढंच ती म्हणाली होती. त्यावर जंगलकाकांच्या तोंडून निघून गेलं, "शेवटी अण्णांच्या उशाशी तूच होतीस. किल्ली तूच नेली असशील."

बोलणं एवढंच, पण बाण सुटला तो सुटला. "मी चोर?" असं म्हणून ताई जी उठली ती परत आली नाही. कपाट फोडायला दोघंही तयार नव्हती. यांनी फोडलं असतं तर किल्ली ताईकडे नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ताई म्हणायची, "माझ्यावरचा आळ फिटल्याशिवाय मी त्या कपाटाला हात लावणार नाही." अखेर दोघंही एकाच बापाची. दहा-अकरा वर्षं अशीच गेली. आता बायकोनं फोनवर फोन करून, हातापाया पडून ताईला जेवायला बोलावलं होतं. ताई म्हणाली होती, "येते. पण एकदाच."

आणि नेमकं त्याच दिवशी दूध नासलं.

"मी दूध घेऊन येते," पायांत चपला सरकवत बायको म्हणाली. "तोवर त्या आल्या तर पहिल्या बेलला दार उघडा. दुसऱ्यांदा वाजवायची पाळी आणू नका. मानी बाई आहे, उलट्या पावली जाईल."

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"आणि शर्ट घाला!"

शर्टाला तेलाचे डाग पडतील म्हणून जंगलकाका बनियनवरच मागच्या खोलीत शिरले. चाकू नुसते आवरायचे म्हटलं तरी प्रत्येकाला तेलाचं बोट लावल्याशिवाय त्यांना राहवेना. बायकोनं येऊन पाहू नये म्हणून त्यांनी दारही लोटून घेतलं. शेवटी उरला तो अण्णांनी दिलेला चाकू. तो ते हातमोजा घातल्याखेरीज उचलत नसत.

त्याची गोष्ट वेगळी होती. अण्णांनी जन्मभर या छंदाची टर उडवली होती. पण अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी स्वतः हा चाकू यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "अडलास तर मूठ उघड." जंगलकाकांचे डोळे भरून आले होते. शेवटी का होईना, बापाला आपला छंद पटला! मुठीच्या झाकणाभोवती काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली होती. चाकू जमवणाऱ्यांच्या गटावर त्यांनी फोटो टाकला, तेव्हा तिथल्या एका जाणत्यानं निकाल दिला होता, "कंपनीचं मूळ सील आहे. उघडू नका, किंमत निम्म्यावर येईल." त्या दिवसापासून सील जपलं होतं. बायको एकदा म्हणालीही होती, "उघडून बघा तरी, काय आहे आत." त्यावर हे म्हणाले होते, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

बेल वाजली.

जंगलकाका दाराकडे झेपावले आणि मूठ धरून त्यांनी दार खेचलं. दार तिथंच राहिलं, मूठ हातात आली. आतली चौकोनी सळी पलीकडे घरंगळली आणि फरशीवर टणटणत गेली. हातातल्या मुठीकडे त्यांनी पाहिलं. तीही पोकळच होती.

या मुठीचा स्क्रू ढिला आहे हे बायको कित्येक महिने सांगत होती. "स्क्रू तेवढा आवळा हो." "स्क्रूड्रायव्हर कुठाय? अण्णांच्या पेटीत. पेटी कुठाय? कपाटात. किल्ली कुठाय? ते ताईला विचार!" हे संभाषण दर वेळी इथंच येऊन थांबायचं, आणि स्क्रूही जिथल्या तिथं राहायचा.

बेल पुन्हा वाजली.

"ताई, थांब!" जंगलकाका ओरडले. "आलोच!"

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. पण ज्या प्रसंगाची वाट पाहण्यात अर्धं आयुष्य गेलं तो हाच होता, आणि हाताशी पस्तीस चाकू होते. त्यांनी सगळ्यांत दांडगा चाकू निवडला, टोक त्या चौकोनी भोकात घातलं आणि पिळलं. कट्! पातं भोकात राहिलं, मूठ हातात राहिली. पोकळ मुठीत पातं आतपर्यंत जातच नाही, तोंडाशी कसंबसं धरलेलं असतं. हे त्यांना अर्थात ठाऊक होतं. या मुद्द्यावर गटावर त्यांनी कित्येकांशी हुज्जत घातली होती. त्यांनी दुसरा चाकू घेतला. कट्! तिसरा जरा चिवट निघाला, त्याचा नुसता स्क्रू उडून डोळ्याजवळून गेला.

मग मुठींमध्ये तरी काही कामाचं असेल म्हणून त्यांनी भराभर झाकणं काढली. सुई, दोरा, गळ, काड्या. पुढच्यात सुई, दोरा, गळ, काड्या. दोऱ्याच्या गुंड्या पायजम्याच्या खिशात कोंबत ते पुढची मूठ उघडत होते. मासे म्हणाल तेवढे धरता आले असते.

"काय चाललंय आत?" बाहेरच्या दारापलीकडून ताईचा आवाज आला. "दार उघडायचं नसेल तर तसं सांग."

"उघडायचंय गं! उघडता येत नाहीये! मी अडकलोय!"

"कशात अडकलास?"

"मागच्या खोलीत! मूठ निघाली!"

"कपाट आहे त्या खोलीत?"

"हो!"

"चांगलं झालं," ताई म्हणाली. "बस त्याच्याशी बोलत."

म्हणजे ती थट्टा करत होती. इतक्या वर्षांनी थट्टा करत होती! गप्प बसले असते तर बायको आली असती, दार उघडलं असतं, सगळं गोड झालं असतं. पण चौथा चाकू त्याच क्षणी मोडला, बोट कापलं आणि कापल्या बोटाच्या रागात जंगलकाका बोलून गेले, "तू किल्ली दिली असतीस ना, तर अण्णांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन कधीच बाहेर आलो असतो!"

चपलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला.

"ताई! अगं, तसं नव्हतं म्हणायचं मला! ताई!"

जंगलकाका खिडकीशी धावले. खाली रस्त्यावरून ताई बसस्टॉपकडे चालली होती. केस सगळे पांढरे झाले होते. एक पाय जरा जपून टाकत होती. ती म्हातारी झाली हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं त्यांना वाटलं, आणि सांगणार कोण होतं? त्यांना रडूच कोसळलं. हाक मारली, पण ती रस्त्याच्या गोंगाटात विरून गेली.

तेव्हा त्यांना शिट्टी आठवली. अण्णांच्या चाकूच्या जातीत मुठीत शिट्टी असते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. हातमोजा घालायचंही भान राहिलं नाही. काळी पट्टी त्यांनी दातांनी ओरबाडली. ती साधी वायरीला गुंडाळायची पट्टी होती, अण्णांच्या हातात कायम असायची तीच. झाकण फिरवलं, मूठ उपडी केली. शिट्टी नव्हती. कापसाचा बोळा पडला आणि बोळ्यातून कपाटाची किल्ली पडली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं नुसता वळसा पडला नव्हता. सख्ख्या बहिणीला चोर ठरवून झालं होतं.

किल्ली लागली. कपाट कुरकुरत उघडलं. वरच्या फळीवर हत्यारांची पेटी होती, खालच्या फळीवर आईच्या जुन्या चादरीत बांधलेलं मशीन. मोडकी पाती पकडीनं ओढून काढून अण्णांचा स्क्रूड्रायव्हर भोकात घातला आणि जरा फिरवला, तर दार निमूटपणे उघडलं. जंगलकाकांनी मशीनचं ते बिडाचं धूड दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलं आणि जिना उतरायला सुरुवात केली.

अर्ध्या जिन्यात बायको भेटली.

"अहो, बनियनवर कुठं? आणि हे काय? ताई आल्या का?"

"आली आणि गेली! बाजूला हो!"

"गेल्या? अहो, दूध—"

मशीनचा कोपरा दुधाच्या पिशवीला लागला. फुटलेल्या पिशवीकडे बघायलाही ते थांबले नाहीत.

ताई बसस्टॉपच्या बाकावर बसली होती. जंगलकाकांनी मशीन तिच्या शेजारी ठेवलं. त्यांना धाप लागली होती, बनियन दुधानं भिजला होता, बोटातून रक्त येत होतं. त्यांनी मूठ तिच्यापुढे उघडली.

"माझ्याकडेच होती गं," ते म्हणाले.

ताईनं किल्लीकडे पाहिलं. "कुठं?"

"अण्णांनी दिलेल्या चाकूत. मुठीत."

"आणि एवढी वर्षं ती मूठ उघडलीच नाहीस?"

"उघडली तर किंमत उतरते म्हणाले."

"कुणाची?"

रस्त्यावरची माणसं या बनियनवाल्याकडे बघत जात होती.

"अण्णा मला म्हणाले होते," ताई हळू आवाजात म्हणाली. "'धाकटा किल्ली हरवून बसेल, चाकू नाही हरवायचा.' मला वाटलं, तापात बरळतायत."

"हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तू एकदम चोरच म्हणालास."

"चुकलो," एवढंच जंगलकाका म्हणाले, आणि ते म्हणायला त्यांना फार जड गेलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं. हे केव्हाही म्हणता आलं असतं.

ताईनं चादर सोडली. मशीनचं चाक फिरवून पाहिलं. आधी हललं नाही, मग कण्हत अर्धा फेरा फिरलं.

"तेल घालू," जंगलकाका घाईघाईनं म्हणाले. "तेल पुष्कळ आहे माझ्याकडे. पहिल्यासारखं चालेल बघ."

"मशीन चालेल रे. मी शिवणं सोडलं." ताईनं आईच्या पाठीवर हात ठेवावा तसा मशीनवर हात ठेवला होता. "हात चालतात अजून. पण सुईत दोरा ओवायला दिसत नाही."

ताईचे डोळे चांगले होते तेवढी सगळी वर्षं आपण कपाटात कोंडून ठेवली, हे जंगलकाकांना आत्ता कळलं. त्यांनी खिशात हात घातला. खिसा दोऱ्याच्या गुंड्यांनी फुगला होता.

"मी ओवून देतो," ते म्हणाले. "रोज येऊन देत जाईन. मशीन वळव इकडे."

ते बाकापाशी गुडघ्यावर बसले, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि मशीनच्या सुईच्या नेढ्याशी नेलं. हुकलं. पुन्हा नेलं, पुन्हा हुकलं. चष्मा घरी, शर्टाच्या खिशात होता.

"आणि तू म्हणे रानात तगणार होतास," ताई म्हणाली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात बस आली. कंडक्टर दारातून वाकून ओरडला, "आजी, यायचंय ना? चला लवकर!"

"थांबा हो जरा," ताई म्हणाली. "माझा भाऊ दोरा ओवतोय."

बस अर्थातच थांबली नाही. जंगलकाकांनी दोरा पुन्हा ओठांत धरला.