पाट, खडू आणि माझा डेटाबेस

मोबाइल ॲप काढायचं ठरवलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो, हे आधीच सांगून ठेवतो. (बायकोला हे मान्य नाही.)

त्याचं असं झालं, की पेणला आमच्या सासऱ्यांचा, हैबतरावांचा, गणपतीचा कारखाना आहे. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कारखाना पहिल्यांदाच प्रणिताच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, हाती आला. एका जरी घरी चुकीची मूर्ती गेली तर वडलांची उभ्या जन्माची अब्रू जाणार, या धास्तीने ती झोपेतसुद्धा पाट मोजायची. पाट हेच तिथलं बुकिंग. गिऱ्हाईक आषाढात घरचा पाट आणून देतं, त्याच्या मागे खडूने नाव, गाव, मूर्तीची उंची आणि पितांबराचा रंग लिहायचा, आणि चतुर्थीला बाप्पा त्याच पाटावर बसून त्यांच्या घरी जायचा.

आता मी पडलो रोह्याच्या कंपनीतला स्टोअर क्लार्क. आमच्याकडे नटबोल्टसुद्धा कॉम्प्युटरवर असतात. इथे साक्षात गणपती खडूवर! जावई म्हणून मला ते बघवेना. व्हिडिओ बघून बघून ॲप करायचंच, असा मी विडा उचलला.

ॲपचे रंगबिंग झटक्यात जमले. घोडं अडलं ते डेटाबेसपाशी. ऑफिसातल्या मिथुनने विचारलं, माहिती फोनमध्ये ठेवणार की क्लाउडवर? कारखान्यात पत्र्याखाली रेंज नाही, म्हणून फोनमध्ये. पण फोन मातीच्या पिंपात पडला तर? म्हणून क्लाउडवर. रकाने आखलेला घ्यावा, तर कुणी उंदीर वेगळा मागितला की नवा रकाना. बिनरकान्याचा घ्यावा, तर मला स्वतःलाच काही सापडेना. शेवटी मी ठरवलं, एकदम दोन कोटी गिऱ्हाइकं आली तरी टिकेल असाच घ्यायचा.

"पेणात तेवढी माती नाय," प्रणिता म्हणाली. तोवर नावं तरी फोनमध्ये भरून ठेवा, असंही ती रोज सांगायची. मी बधलो नाही. घर बांधायच्या आधी कुणी कपाटं आणतं का?

महिन्याभराने डेटाबेस ठरला. आता प्रत्येक पाटाला नंबराचं स्टिकर लावायचं. पण पाटांवर वर्षानुवर्षांचं तेल, कुंकू, धूळ, त्यावर स्टिकर टिकतंय कसलं! रविवारी प्रणिता रोह्याजवळ वरसे गावी, आमच्या घरी होती. मी एकटाच कारखान्यात गेलो, साबण, काथ्या आणि पाण्याचा पाइप घेतला, आणि सगळे पाट मागूनपुढून असे घासले की सुताराने कालच दिल्यासारखे दिसू लागले.

संध्याकाळी प्रणिता आली आणि दारातच थांबली.

"पाट कुणी धुतले?"

"मी." (आवाजात अभिमान होता. तो अजून कानात वाजतो.)

"आणि नावं?"

"डेटाबेसमध्ये..." म्हणालो आणि थांबलो. डेटाबेस उत्कृष्ट होता. दोन कोटी नावं आरामात मावली असती. त्यात एकही नव्हतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच ओल्या पाटावर बसली आणि म्हणाली, "गिऱ्हाइकांची घरं ठाऊक हायत मला. पण कुणाचा पाट कुठला, कुणाला काय हवंय... बाबांना काय सांगू?" तिचे डोळे भरले. मला खरंच माझीच लाज वाटली. त्याच क्षणी ठरवलं, आता हे निस्तरल्याशिवाय रोह्याला तोंड दाखवायचं नाही.

आठवडाभर रजा टाकून निडी, खांब, ज्या गावात म्हणून गिऱ्हाईक तिथे स्कूटर घातली आणि सगळ्यांना पाट ओळखायला बोलावलं. आले सगळे. निडीच्या इंदुबाईंनी एक पाट उलटा केला. "ह्यो आमचा. एक पाय लंगडा हाय, दरसाल खाली पुठ्ठा लावतंव." कुणी समईचा डाग ओळखला, कुणी नारळ आपटल्याचा खड्डा. प्रणिता प्रत्येकाला विचारून मागे ऑइलपेंटने लिहीत गेली. बघता बघता पाट संपत आले.

उरला एकच. चांगला सागवानी. हैबतराव काठी टेकत बघायला आले होते, त्यांच्यापुढे माझं बळ परत आलं. मी म्हणालो, काय माणसं असतात बघा, आपल्या घरचा बाप्पा ज्यावर बसतो तो पाट ओळखता येत नाही. असल्या बेफिकीर लोकांमुळेच डेटाबेस लागतो.

प्रणिताने ब्रश खाली ठेवला. "अहो, तो आपला. तुम्हीच मांडीवर घेऊन आला होतात वरश्याच्या घरून."

हैबतरावांनी शांतपणे ब्रश उचलला, पाटामागे माझं नाव घातलं आणि लेकीकडे वळले.

"गो प्रणिता, यांच्या शर्टावर पण लिवून ठेवू काय? चुकून धुतले गेले तर तुझे तुला वळखायला बरे."