लामाराबाईंसाठी पाण्याचा प्याला

तेओनाने लिहिलं तेव्हा भाषण पानभर होतं. अंझोर आजोबांचा हात फिरल्यावर ते तीन पानांचं झालं, आणि त्यात तेओनाचं जे एक वाक्य होतं ते गेलं.

तिला तेवढंच म्हणायचं होतं.

बारावीच्या मुलांची शेवटची घंटा, म्हणजे निरोपाचा समारंभ, शुक्रवारी होती. त्याच दिवशी गणिताच्या लामाराबाई निवृत्त होत होत्या, आणि शनिवारी मुलाकडे बातुमीला राहायला जाणार होत्या, कायमच्या. वर्गातर्फे कुणी बोलायचं असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेओनाने जरा उशिरा घातली. नेमणूक झाली ती अशी.

घरी कळल्यावर आजोबांनी वेलींची छाटणी सोडली. काखेती या द्राक्षमळ्यांच्या मुलखातल्या त्या गावात लग्न असो, बाप्तिस्मा असो की मयताचं जेवण असो, पंगतीच्या टोकाला तमादा म्हणून अंझोरच बसत. तमादाने बोलून प्याला उचलल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, असा नियम. माणसं तहानलेली ठेवून तासन्‌तास ऐकायला लावणं ही त्यांची चाळीस वर्षांची साधना होती. शाळेतलं भाषण म्हणजे त्यांच्या लेखी जेवणाविना पंगत; अवघड, पण जमण्यासारखी.

पहिली सूचना : लांबून ये.

“बाईंपासून सुरुवात केलीस तर बाई लगेच संपतील,” ते म्हणाले. “आधी डोंगर येऊ दे. मग नदी. मग द्राक्षवेल. बाई आपोआप येतील.”

दुसरी सूचना : हात.

मोकळ्या हाताचा माणूस बोलताना मोजे शोधत असल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत होतं. हातात प्याला हवा. तेओना स्वयंपाकघरात जर्दाळूच्या सरबताचा पेला छातीशी धरून उभी राहायची आणि डोंगरापासून सुरुवात करायची. आठवडाभरात अशी गत झाली की पेला हातात असला की शब्द येत; पेला ओट्यावर ठेवला की ते नदीच्या मध्यावर थांबत. आजोबांनी ही प्रगती मानली.

तिसरी सूचना ही सूचना नव्हती.

ते वाक्य असं होतं : बाई, आई इटलीला गेली त्या वर्षी तुम्ही मला गणितात कच्ची म्हणून रोज शाळा सुटल्यावर बसवून घेतलंत, मला माहीत आहे, ते गणितासाठी नव्हतं.

आजोबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. हे भाषण नाही, ही बातमी आहे, असं ते आधी म्हणाले. मग आवाज उतरला.

“आजोबा,” ते तिला म्हणाले, “आपलं घर रिकामं होतं, हे गावाला कशाला सांगायचं?”

ते नातीला आजोबाच म्हणत, जशी आई तिला फोनवर आई म्हणायची. लहानांना आपल्याच नात्याने हाक मारायची, ही इकडची माया. पण त्या वर्षी खरोखरच हाक मारायला घरात कुणी नसायचं. बाप ट्रक घेऊन तुर्कस्तानात, आई इटलीतल्या बारी शहरात एका म्हातारीच्या उशाशी, आणि आजोबा कुणाच्या ना कुणाच्या पंगतीच्या टोकाला. तेओनाने वाद घातला नाही. त्या वाक्यावर पेन्सिलीची रेघ मारून दिली.

चौथी सूचना नंतर सांगतो म्हणाले. ती राहिलीच.

शुक्रवार.

मुख्याध्यापिका एतेरीबाईंनी सकाळीच फाटकावर उभं राहून बजावलं होतं की समारंभ संपून पंगत बसेपर्यंत वाइनचा थेंबही शाळेच्या आवारात येता कामा नये. जिल्ह्याहून शिक्षण अधिकारी बाद्री आले होते. पालकांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि मातीचे रांजण गाड्यांतच ठेवले, सावलीला.

सभागृह भरलं. बारावीच्या मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर मित्रांनी शाईने निरोप लिहिले होते, त्यामुळे पुढच्या दोन रांगा वाचायच्या भिंतीसारख्या दिसत होत्या. लामाराबाई मधल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर.

तेओना मंचावर गेली. “डोंगर,” म्हणाली.

आणि थांबली. हात मोकळा होता.

पुन्हा “डोंगर” म्हणाली. मागून कुणीतरी खोकलं. मग तिला टेबलावर वक्त्यांसाठी ठेवलेला पाण्याचा पेला दिसला. तिने तो उचलून छातीशी धरला, आणि शब्द धरण फुटल्यासारखे आले. डोंगर, त्यातून नदी, नदीकाठची वेल. आजोबा तिसऱ्या रांगेत ओठ हलवत होते. वेलीच्या जागी आजोबा नेहमी हात उंचावत. तिनेही उंचावला.

पुरुष उभे राहिले.

त्यात कुणाचा दोष नव्हता. आयुष्यभर ज्या उंचीला प्याला गेला की उठायचं, त्या उंचीला तो गेला होता. आधी बाप आणि काका उठले, मग त्यांना पाहून मुलं, आणि शेवटी, इकडेतिकडे बघत, अधिकारी बाद्री. सभागृह विलक्षण गंभीर झालं. मग मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“पाणी आहे का गं त्यात?”

पाण्याचा प्याला कुणाच्या भल्यासाठी उचलत नाहीत. ज्याच्यासाठी उचलला त्याला तो उलटा लागतो, असं मानतात. न मानणारेही उचलत नाहीत. आणि लामाराबाई उद्या गाव सोडून चालल्या होत्या.

तेओनाचा हात वरच राहिला. खाली ठेवावा तर उचललेला प्याला बाईंच्या नावाने परत घेतल्यासारखं होतं, आणि प्यावा तर त्याहून वाईट. तिने आजोबांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांच्यासमोर असा पेच आला नव्हता. एतेरीबाई कुजबुजल्या की हे शाळेतलं भाषण आहे, पाणी घशासाठी आहे, बसून घ्या. कुणी बसलं नाही. बसणं म्हणजे पाण्यावर शिक्कामोर्तब.

शेवटी अधिकारी बाद्रींनी खिशातून फोन काढला.

“मला जरा बोलून यावं लागेल,” ते एतेरीबाईंना म्हणाले. “पाचेक मिनिटं लागतील. एवढ्यात काय होईल ते मला दिसणार नाही.”

फोन वाजला नव्हता.

ते परत आले तेव्हा रांजण आत आले होते. पेले नव्हते, म्हणून प्रयोगशाळेतली काचपात्रं आणली होती. कित्येक वर्षांत शाळेला रसायनंच मिळाली नसल्यामुळे ती नव्यासारखी होती. बाद्रींना मोठं पात्र मिळालं, बाजूला मापाच्या रेघा असलेलं. तेओनाच्या हातातलं पाणी काढून कुणीतरी द्राक्षाचा रस ओतला. तिला वाटलं, आता बोलता येईल.

पण वाइन आली म्हणजे क्रम आला. आधी शांततेसाठी, मग मायभूमीसाठी, मग गेलेल्यांसाठी. त्यांना ओलांडून जिवंत माणसाचा प्याला कसा उचलणार? आणि क्रम आला म्हणजे तमादा आला. लोकांनी वळून अंझोरांकडे पाहिलं. ते नाही नाही म्हणत मंचावर चढले, नातीच्या शेजारी उभे राहिले आणि बोलू लागले.

ते वाईट हेतूने झालं नाही, हे सांगायला हवं. आठवडाभर ती तीन पानं त्यांच्या जिभेवर होती. शांततेच्या प्याल्यात डोंगर गेले. मायभूमीच्या प्याल्यात नदी गेली. गेलेल्यांसाठी बोलताना ते आपल्या बायकोविषयी बोलले, आणि वेल तिथे खर्ची पडली. तेओना पेला धरून आपलं भाषण शेजारून जाताना ऐकत होती.

मग लामाराबाईंचा प्याला आला. त्यावर थोडकं बोलून आजोबांनी पात्र बाद्रींकडे वळवलं. “अलाव्हेर्दी तुम्हाला,” म्हणाले. म्हणजे माझ्या प्याल्याचं पुढचं बोलणं आता तुमचं. ते नाकारता येत नाही, आणि आधीच्याने म्हटलेलं पुन्हा म्हणता येत नाही.

बाद्री दोन वाक्यं बोलून निघणार होते. ते आपल्या लहानपणीच्या गणिताच्या मास्तरांविषयी बोलले, रडले, डोळे पुसले आणि अलाव्हेर्दी एतेरीबाईंना दिली. वाइनवर बंदी घालणाऱ्या एतेरीबाई सगळ्यांत जास्त वेळ बोलल्या. त्यांच्याकडून ती इतिहासाच्या झ्विआद सरांकडे गेली. सर बाईंना बाराव्या शतकापर्यंत घेऊन गेले, तिथे त्यांचा किल्ल्याचा बुरूज केला आणि तसंच सोडून बसले. बाई दिवा झाल्या, सावली झाल्या, गावाच्या आई झाल्या. खुर्चीत मात्र होत्या तेवढ्याच होत्या, आणि मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या.

उपमा संपल्या. तेव्हा कुठे आजोबांना शेजारी उभी असलेली मुलगी दिसली. पेला अजून तिच्या छातीशीच होता.

“अलाव्हेर्दी, आजोबा,” ते म्हणाले. “आता तू.”

तेओनाने डोकं चाचपलं. डोंगर नव्हते. नदी नव्हती. आई, दिवा, बुरूज, सगळं म्हणून झालं होतं. कुणी न म्हटलेलं एकच काहीतरी उरलं होतं, आणि त्यावर पेन्सिलीची रेघ होती.

ती काय म्हणणार हे आजोबांना तिच्याआधी कळलं. त्यांनी पात्रात पाहिलं. मग सभागृहाकडे, जिथे सगळं गाव बसलं होतं.

“म्हण,” ते हळूच म्हणाले.

तिने म्हटलं. लांबून न येता, हात न हलवता. आई इटलीला गेली ते वर्ष, शाळा सुटल्यावरचा वर्ग, आणि घर रिकामं होतं हेही. मला माहीत आहे बाई, ते गणितासाठी नव्हतं.

लामाराबाईंनी काचपात्र पर्सवर टेकवलं. फळ्यावर चुकलेली पायरी दिसली की पाहायच्या, तशा त्या तिच्याकडे पाहत होत्या.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “तू खरंच कच्ची होतीस.”

कुणी हसलं नाही.

“नव्या वर्षापर्यंत,” बाई म्हणाल्या. “त्यानंतर तुला सगळं यायला लागलं.”

“पण तुम्ही उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत बसवलंत.”

“सांगितलं असतं, तर तू घरी गेली असतीस.”

आजोबांनी पाठ वळवली आणि ते पडद्याच्या दोऱ्या तपासू लागले. तेओना मात्र वेगळ्याच विचारात पडली. त्या वर्षापासून तिने गणिताची धास्ती घेतली होती. मिळत ते चांगले मार्क ती बाईंची दया समजायची.

“म्हणजे मला गणित येतं?”

“उत्तम येतं.”

“बाई,” तेओना म्हणाली, “मी विद्यापीठाच्या परीक्षेला गणित टाळून इतिहास घेतलाय. आता बदलता येत नाही.”

“इतिहास कसा आहे तुझा?”

तेओनाने झ्विआद सरांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या मुलांनीच काय ते नकारार्थी माना हलवून सांगितलं.

लामाराबाईंनी डोळे मिटले आणि काहीतरी हिशेब केला. परीक्षेला महिना होता. त्या उद्या बातुमीला असणार होत्या. त्या उठल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सभेत प्याला उचलला. सगळं सभागृह पुन्हा उभं राहिलं. बाईंची नजर रांगांवरून फिरत फिरत एका जागी थांबली.

“अलाव्हेर्दी, झ्विआद सर,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून. शाळा सुटल्यावर.”