पंख्याचा पाट

"माय, परत बंद पडलं व!" शालिग्राम ओरडला आणि भागाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. तिचं लाटणं थांबवण्याची हिंमत सबंध सावद्यात कोणाची नव्हती. हा लॅपटॉप घरात आल्यापासून मात्र ते दिवसातून चारदा थांबत होतं.

शालिग्राम पुण्याच्या कंपनीत नोकरीला. सुट्टीवर येताना त्यानं कंपनीचा लॅपटॉप सोबत आणला. साल अठ्ठ्याण्णव, महिना मे. बाहेर केळीच्या बागासुद्धा माना टाकून उभ्या होत्या. पुण्याच्या हवेत लाडात वाढलेलं ते यंत्र इथं घटकाभर चाललं, की तव्यासारखं तापायचं आणि आपणहून डोळे मिटायचं.

एरवी भागाबाईनं त्याला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं असतं. पण उद्या धुळ्याची मंडळी घर पाहायला येणार होती. शालिग्रामला मुलगी पसंत, मुलीला शालिग्राम पसंत. अडून बसले होते ते मुलीचे वडील रुपचंदभाऊ. "मांडीवर डबा लिसन कोणी कमाई करस का?" असं ते चारचौघांत बोलले होते आणि ते बोलणं सावद्याला येऊन पोचलं होतं. मशीन चालताना डोळ्यांनी पाहीन, मगच होकार देईन, असा त्यांचा हेका.

"माह्या पोराच्या मशीनला डबा म्हनतो काय!" भागाबाईनं पदर खोचला. "उद्या त्याच्या डोयासमोर चाललं पाह्यजे. कायनं थंड होते ते सांग!"

"खाली ठेवायचा एक पाट असतो, माय. त्याला पंखे असतात. जळगावला मिळाला तर मिळेल."

"मंग बसला काय? ऊठ!"

जळगावात मोतीलालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात असे दोन पाट निघाले. एक बारीक, एकाच पंख्याचा, चालू आहे की बंद ते कळू न देणारा. दुसरा रुंद, दोन पंख्यांचा आणि गिरणीसारखा घरघरणारा.

"मावशी, हा लहानच घ्या," मोतीलाल म्हणाला. "मोठा पाट नुसता आवाज करतो. लॅपटॉपला एवढा वारा लागत नाही."

"तुमच्या लॅपटॉपला लागत नसीन. आमच्या सावद्यात लागते." भागाबाईनं दोन्ही पाट माठासारखे बोटानं वाजवून पाहिले. मग मोठ्यावर पदर धरला. पदर भस्सकन वर उडून थेट मोतीलालच्या तोंडावर बसला. "पाह्यलं? याले म्हनता पंखा! बांधा!"

घरी येऊन लॅपटॉप पाटावर ठेवला, पंखे लावले. घर दणाणलं. जरा वेळानं यंत्र बंद!

"माय, पंखा खोलीतलीच हवा वर फेकतो," शालिग्राम रडवेला झाला. "खोलीच तापली आहे, तर तो काय करणार? झळ लागतेय नुसती!"

 पण भागाबाईचा जन्म केळीच्या धंद्यात गेलेला. उन्हाळ्यात ट्रकमध्ये घड भरताना खाली-वर ओली पानं घालतात, म्हणून माल दिल्लीपर्यंत टिकतो. जी युक्ती केळ्याला चालते, ती या डब्याला का चालू नये? (तिच्याही मनात 'डबा' आलंच, पण मनातलं कोण ऐकतो!) सकाळी बागेतून ताजी पानं आली. बैठकीत चौरंग, चौरंगावर ओली पानं, पानांवर पाट, पाटावर लॅपटॉप. शालिग्रामनं पानं फडक्यानं कोरडी करायचा हट्ट धरला, तेवढा एक तिनं ऐकला.

आणि काय सांगावं, मशीन चाललं! भागाबाईची मान अशी ताठली, की पाहुण्यांना नमस्कार करतानासुद्धा वाकेना.

रुपचंदभाऊ आणि त्यांची बायको सुनंदाबाई आले. पाणी झालं, शेव-चिवडा झाला. चहाची कपबशी खाली ठेवून रुपचंदभाऊ खाकरले.

"चला. देखाडा तुमचं मशीन."

नेमकं त्याच क्षणी मशीननं डोळे मिटले.

"हाई काय व्हयनं?" रुपचंदभाऊंच्या भुवया वर चढल्या.

"ध्यानाला बसलं ते," भागाबाई ठणकावून म्हणाली. "शाल्या, पाह्य!"

शालिग्रामनं लॅपटॉप उचलून बगलेत घेतला आणि खालचे दोन्ही पंखे फिरतात की नाही ते पाहायला पाटावर वाकला. इकडे सुनंदाबाईंना चौरंग, केळीची पानं आणि पाट दिसत होता. इतकी मांडणी म्हणजे पूजाच! नवा ट्रॅक्टर आला, शेगडी आली, तरी आधी कुंकू लावायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. दारात भागाबाईनं पुढे केलेला कुंकवाचा करंडा जवळच होता. तो उघडून त्या लगबगीनं पुढे झाल्या.

"थांबा ताई, पंखा—" शालिग्राम म्हणेपर्यंत हात पाटावर गेला होता.

भस्स! सगळा करंडा उडाला. भिंतीवर कुंकू, चिवड्यात कुंकू, रुपचंदभाऊंच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर कुंकू. आणि वाकलेल्या शालिग्रामच्या कपाळावर मळवट भरल्यासारखं लालभडक कुंकू!

 सुनंदाबाई रिकामा करंडा धरून उभ्या. शालिग्राम लॅपटॉप छातीशी धरून शिंकत होता. भागाबाईनं एकदा पोराच्या कपाळाकडे पाहिलं, एकदा सुनंदाबाईंच्या हाताकडे. मग टाळी वाजवून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "टिळा लागला व माय! मुलीच्या आईच्या हातानं टिळा लागला! सोयरीक पक्की, साखर आना!"

"ओ अक्का!" रुपचंदभाऊ उसळले. "हाऊ टिळा नही शे! हाऊ पंखाना वारा शे!"

"कुंकू कोनाच्या हातातलं?"

"बाईना हातमातलं, पन—"

"लागलं कोठी?"

"कपायले, पन—"

"मंग? लागलेलं कुंकू पुसायची चाल तुमच्या धुळ्यात असीन, आमच्यात नाही!"

रुपचंदभाऊंनी बायकोकडे पाहिलं. सुनंदाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आते काय बोलतस," त्या म्हणाल्या, "मन्हा हाते लागनं ते लागनं. पोरगी बी खूश व्हई." तोवर गल्लीतल्या बाया दारात जमल्या होत्या. एकीनं रुपचंदभाऊंच्या उघड्या तोंडात साखर घातली, आणि तोंडात साखर असताना माणसाला नाही म्हणता येत नाही.

निघताना ते उंबऱ्यात अडखळले. टोपी झटकत म्हणाले, "पन अक्का, मी ते मशीन चालू देखंच नही!"

"घाई काय आहे, भाऊ?" भागाबाईनं त्यांच्या हातात नारळ ठेवला. "जावयाचं घर आहे आता. थंडीत या."