खालून लढणारे इंगळेभाऊ

आमच्या मेहकरात एका शहराचा नकाशा आहे, आणि ते शहर जगात कुठंच नाही. इंगळेभाऊंनी तो रंगाच्या शेडकार्डांच्या कोऱ्या बाजूवर काढलाय. त्याच्या झेरॉक्स माझ्या दुकानात निघतात. दर आठवड्याला नव्या, कारण दर आठवड्याला भाऊंना एखादं मागचं दार सापडतं.

भाऊ माझ्या दुकानाशेजारी राहतात. साठीचे आहेत, घरं रंगवतात. मोबाईलवर ते एक गेम खेळतात. पडक्या शहरात दोघादोघांच्या जोड्या उतरतात, गल्लीबोळांत एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी उरेल ती जोडी जिंकते. भाऊंचे जोडीदार धामणगाव बढ्याचे रफीकभाई. दोघांनी उभा जन्म एकत्र घरं रंगवली. तीन वर्षांपूर्वी रफीकभाई शिडीवरून पडले. पाय गेले, आता पलंगावरच असतात. गेमचा नाद त्यांनीच लावला.

मला त्यातलं काही कळत नाही. पण साठीचा माणूस अभ्यासाला बसलेला पाहून, गिऱ्हाईक नसलं की मी डोकावते.

सुरुवातीला भाऊ हातात बंदूक घेऊन भिंतीच बघत बसायचे. "ताई, हे पोपडे पाहा. पुट्टी न भरताच रंग मारला. एवढ्या भिंतीले कमीत कमी दोन डबे..." हे वाक्य पुरं होईपर्यंत ते क्वचितच जिवंत राहिले.

मग ते पद्धतीला लागले. मेले की गोळी कुठून आली तिथं नकाशावर फुली. पुष्कळ फुल्या झाल्या की एक नियम. एकच दार असलेल्या घरात शिरायचं नाही. खिडकीसमोरून वाकून जायचं. उघड्यावर उभं राहायचं नाही. आणि सगळ्यांच्या वर, लाल शाईनं: चढायचं नाही.

हा लाल नियम मला पटेना. निम्म्याहून जास्त फुल्या गच्च्यांवर होत्या.

"भाऊ, वरचा माणूस जिंकतो हे तुमचाच नकाशा सांगतो. मग तुम्ही काऊन चढत नाही?"

"आपली पद्धत नाही ते."

रफीकभाईही कावले होते. एकदा स्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "अबे इंगळे, किती दिवस नालीनालीनं हिंडवशीन मले? मी पाण्याच्या टाकीवर चाललो."

"नाही म्हणलं ना बे."

"तुले जमत नसंन तं सांग. दुसरा जोडीदार पाहतो मी."

फोन बंद झाला. भाऊ नकाशाकडे बघत बसले. मला आडून विचारता येत नाही, म्हणून चढायची एवढी भीती कसली ते सरळच विचारलं.

"त्या दिवशी शिडी मी धरली होती, ताई," ते म्हणाले. "तंबाखू मळायले सोडली. दोन मिनिटं."

"त्यांना माहीत आहे?"

"हाव. आजपावतर एका शब्दानं बोलला नाही."

"मग त्यांनी चढायचं की नाही, ते ठरवणारे तुम्ही कोण?"

जरा जोरातच बोलले असेन. भाऊ नकाशा गुंडाळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते फोन घेऊन माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसले. खेळ सुरू झाल्याबरोबर म्हणाले, "जाय टाकीवर."

मग रफीकभाई निघाले. पाण्याच्या उंच टाकीला बाहेरून लोखंडी शिडी होती. ते चढू लागले आणि भाऊ शिडीच्या पायाशी, भर रस्त्यात, उभे राहिले.

"अबे, तिथं काऊन उभा राह्यला? मरशीन. आडोश्याले जाय."

"तू चढ. मी हाय खाली."

गोळ्या आल्याच. भाऊंचा शिपाई शिडीपाशी आडवा झाला.

"गेला ना बे?"

"मेलो तरी मले दिसून राह्यलं सगळं. तू थांबू नको."

रफीकभाई वर पोचले आणि तिथून काय काय दिसतं ते सांगू लागले. नदी, पूल, पुलापलीकडचा रस्ता. भाऊंचा खेळ तर केव्हाच संपला होता, तरी फोन त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या एका बाईंनी त्यांना बाकावर जरा सरकायला सांगितलं.

"तुम्ही उभ्या राहा," मी म्हटलं. "त्यांना आत्ता हलता येणार नाही."