नानांनी पारखून आणलेला टॅब

रतिलाल नानांना आजवर कोणी फसवलेलं नाही! हे नाना स्वतःच सांगतात, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नाही. यावल तालुक्यात त्यांच्या केळीच्या बागेत व्यापारी शिरला की आधी टोपी सारखी करतो आणि मग भाव बोलतो, असंही तेच सांगतात. विहिरीची मोटर असो, म्हैस असो की जावई असो, नाना पारखून घेणार.

या पारखण्याचे दोन नियम होते. पहिला म्हणजे झाकलेला माल घ्यायचा नाही. केळीचा व्यापारीसुद्धा घडातलं एक केळं चिरून गर किती भरला ते बघतो, मगच तोंड उघडतो. आणि दुसरा नियम असा, की विकणारा जी वस्तू द्यायला कां-कूं करतो तीच खरी चांगली. ती त्याने स्वतःसाठी ठेवलेली असते!

आता असा माणूस एक साधा टॅब घ्यायला जळगावला निघाला, तर घरच्यांनी त्याला सल्ले द्यावेत? पण दिले!

टॅब हवा होता सुमनबाईंना, म्हणजे नानांच्या मंडळींना. झालं होतं असं, की त्यांची लेक ज्योत्स्ना कॅनडात असते, आणि तिथल्या मराठी मंडळात कोणीतरी ‘खान्देशी भरीत’ करून आणलं होतं. ज्योत्स्नाने त्याचा फोटो पाठवला. सुमनबाईंनी तो पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“याच्यात टमाटं टाकेल आहे वो! आन वांगं भाजेल नही, उकडेल आहे!”

मग ज्योत्स्नाने मंडळात भांडून ठरवून घेतलं की येत्या रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, आपली आई व्हिडिओवरून खरं भरीत करून दाखवेल आणि तिकडच्या बायका बघून बघून करतील. सुमनबाईंना आयुष्यात कुठे पाहुणी म्हणून मानाने बोलावलं नव्हतं. गावात लग्नकार्याला बोलावणं यायचं, पण ते वांगी भाजायला. त्यामुळे चार दिवस त्या घरात गुणगुणत फिरत होत्या. अडचण एकच होती. त्यांचा फोन लहान, आणि त्याची काच अशी तडकलेली की ज्योत्स्नाच्या एका डोळ्याच्या जागी दोन डोळे दिसायचे.

“मले त्या बाया दिसल्या पाह्यजे,” सुमनबाई म्हणाल्या. “कोनाचं वांगं कच्चं राह्यलं, ते मी तोंडाकडे पाहून सांगीन.”

तेव्हा ठरलं, छोटासा, बेताच्या किमतीचा टॅब घ्यायचा. पुण्याला नोकरीला असलेल्या ललितने निळा सुचवला. ज्योत्स्नाने काळा सुचवला. झालं! बहीणभाऊ घरच्या ग्रुपवर एकमेकांवर तुटून पडले. एक म्हणे याची बॅटरी बघ, दुसरी म्हणे त्याची मेमरी बघ. कॅनडाची सकाळ होईपर्यंत पुण्याचं भांडण आणि पुण्याची सकाळ होईपर्यंत कॅनडाचं! पण नानांना विचारलं का कोणी? ज्याने घरात आजवर प्रत्येक वस्तू आणली, त्या माणसाला?

“लल्या म्हनतो तो निया आनजा,” निघताना सुमनबाई म्हणाल्या. “डबा बंद राह्यला पाह्यजे. आन तुमचं डोकं जास्त नका चालवजा.”

नाना एसटीत बसले ते धुमसतच.

जळगावात बन्सीलाल शेठचं मोबाइलचं दुकान. बन्सीलालने अदबीने दोन बंद डबे समोर ठेवले, एक काळ्याचा आणि एक निळ्याचा.

“हे खोके झाले,” नाना म्हणाले. “माल कुठी आहे?”

“आत आहे, नाना.”

“मंग उघडा.”

“सील तोडलं की घ्यावाच लागेल.”

“म्हनजे न पाहता घ्यायचा? मी काय पहिल्यांदा बाजारात आलो का?”

बन्सीलालने काउंटरकडे बोट केलं. तिथे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक काळा आणि एक निळा टॅब वायरने बांधून उभा केला होता. नानांनी डाव्या हातात काळा घेतला, उजव्या हातात निळा घेतला आणि डोळे मिटून दोन्ही तोलले. मग पाठीवर नखाने टकटक केली. मग चार्जिंगच्या भोकातून आत पाहिलं. मग दोघांचाही वास घेतला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून बघायला जमली.

“निया भरेल आहे,” नानांनी निकाल दिला. “काया हलका लागतो, आतून पोकय असेल. हा निया द्या.”

“उत्तम!” बन्सीलालने सुटकेचा श्वास टाकत निळ्याचा बंद डबा पुढे केला.

“तो नही. हा. हातातला. वायर तोडा.”

“नाना, हा फक्त दाखवायला ठेवलाय. विकायचा नाही.”

संपलं! बन्सीलालने हे एक वाक्य बोलायला नको होतं. नानांचा दुसरा नियम खडबडून जागा झाला.

“असं? चांगला तो दाखवायचा आन झाकेल तो विकायचा? वा रे शेठ!”

“अहो, तसं नाही! याच्यात कंपनीची जाहिरात भरलेली आहे. दोन मिनिटं हात नाही लावला की सुरू होते. आणि आपण आत जे काही भरतो ते रोज आपोआप पुसलं जातं. तुम्हाला हाच पाहिजे असेल तर दोन दिवस थांबा. जाहिरात काढायचा नंबर कंपनीकडून मागवतो, साफ करून देतो.”

“आन दोन दिवसांत बदलून दुसरा देशाल!”

बन्सीलालने हात जोडले. जाहिरातीचं पुन्हा समजावलं. नाना जमलेल्या गिऱ्हाइकांकडे बघून असे हसले, की पाहा, माणूस गोत्यात आला की कशा गोष्टी रचतो! शेवटी बन्सीलालने वायर सोडली, निळा टॅब पिशवीत घातला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “नाना, परत नाही ना आणणार?”

“रतिलाल भारंबे माल परत करत नही!”

घरी आल्यावर टॅब तासभर शहाण्यासारखा वागला. सुमनबाईंनी ज्योत्स्नाचा नंबर भरला, मंडळाचं ते व्हिडिओचं अॅप घेतलं, नातवाचा फोटो लावला. नानांनी टॅब माजघरात पलंगावर ठेवला आणि बाहेर ओट्यावर शेजारच्या शालिग्रामला चहा पाजत दुकानातला विजय सांगायला बसले. बन्सीलालने हात जोडले तिथपर्यंत कथा आली होती. तेवढ्यात माजघरातून एक गोड, ठणठणीत आवाज आला.

“नमस्ते! आप दूर क्यों खड़े हैं? पास आइए! मुझे छूकर देखिए!”

शालिग्रामचा कप बशीवर आला तो तिथेच थांबला. सुमनबाई लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“कोन बाई आहे वो घरात?”

“कोनी नही! टॅब आहे!”

“मैं पतली हूँ! मैं हल्की हूँ!” आतली बाई म्हणाली.

नाना धावले आणि बोट लावलं. बाई गप्प झाली. बोट काढून ओट्यावर येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा “नमस्ते!” आवाज कमी केला, तर थोड्या वेळाने तो आपला आपण दुकानाइतका वाढला. शेवटी नानांनी टॅब गोधडीखाली दाबला. ते तर फारच वाईट झालं, कारण आता गोधडीखालून आवाज येऊ लागला, “मुझे छूकर देखिए!” शालिग्राम चहा अर्धा टाकून उठला आणि जाताना सुमनबाईंना म्हणाला, “वहिनी, काही लागलं त सांगजा.” शालिग्रामला कळलं म्हणजे रात्रीच्या आत सगळ्या आळीला कळणार होतं!

सकाळी पाहतात तर ज्योत्स्नाचा नंबर नाही, मंडळाचं अॅप नाही, नातू नाही. सगळं पुसलेलं, आणि बाई तेवढी ताजीतवानी!

सुमनबाई खाटेवर बसल्या. “चार दिवसावर रविवार आला,” एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं.

नाना मात्र पेटले! बन्सीलालवर, कंपनीवर, कॅनडावर. “आपन वांगं आनलं आन वांगंच दर दोन मिनटाला आपले गुन सांगू लागलं, त खाईन का कोनी?” पण परत कसा नेणार? भर दुकानात शब्द दिलेला! त्यांनी ललितला फोन लावला. ललितने सगळं ऐकलं आणि तो हसला. चांगला पोटभर हसला! याच्यासाठी पोराला शिकवून पुण्याला पाठवलं होतं? नानांनी फोन सुमनबाईंच्या हातात कोंबला आणि बागेकडे निघून गेले.

गुरुवारी सुमनबाई ललितशी पुन्हा बराच वेळ बोलल्या. संध्याकाळी नाना बागेतून आले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “लल्या म्हनतो, हात लावत राह्यलं त ती बाई बोलत नही.”

“आन पुसलं जातं त्याचं?”

“ते मी पाह्यते. पन रईवारी माह्या हाताले वांगं राहीन. मी भरीत ठेचू का टॅबले बोट लावू? तुमी बसा जवय.”

“मी? सैपाकघरात?”

नाना आजवर स्वयंपाकघरात जात ते ताटासमोर, आणि ताट उचलायच्या आत बाहेर येत.

“पारखून कोनी आनला?” सुमनबाईंनी विचारलं.



रविवारी भल्या सकाळी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भालोदची हिरवी, हातभर वांगी भाजून झाली. टॅब पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. सुमनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून भरीत ठेचायच्या लाकडी बडगीपुढे बसल्या, आणि शेजारच्या पाटावर नाना, उजव्या हाताचं बोट परजून!

पडद्यावर ओळीने बायका उगवल्या. प्रत्येकीसमोर वांगं.

“नाना? तुम्ही तिथे कसे?” ज्योत्स्ना ओरडली.

“सहज,” नाना म्हणाले आणि त्यांनी टॅबला बोट लावलं.

सुमनबाईंनी वांगं सोलायला घेतलं. नानांचं बोट. देठ धरून गर बडगीत टाकला. नानांचं बोट. एकदा बोट चुकीच्या जागी पडलं आणि तिकडच्या बायका नुसतीच तोंडं हलवू लागल्या. सुमनबाईंनी असं पाहिलं की नानांनी घाईघाईने तिथेच पुन्हा बोट मारलं, आणि आवाज आला.

“डावा हात रिकामा आहे ना?” सुमनबाई म्हणाल्या. “लसून सोला.”

कॅनडा बघत होता! भांडायची सोय नव्हती. नानांनी लसूण सोलला. मग हिरव्या मिरच्यांचे देठ काढले. मग शेंगदाणे पाखडले, आणि त्याला दोन्ही हात लागले, तेव्हा टॅबला बोट लावायचं राहूनच गेलं. बऱ्याच वेळाने आठवण झाली तसे ते दचकले. पण बाई बोललीच नाही. टॅब आता आपल्या धाकात आला, असं नानांना वाटलं. तरी त्यांनी बोट लावलंच.

आणि सुमनबाई! नानांनी इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. “ते टमाटं खाली ठेव, बाई! तूच, लाल स्वेटरवाली! मले अठून दिसते! आन तू, तुह्यं वांगं कच्चं आहे, परत जायावर ठेव!” तिकडे कॅनडात भराभर टमाटे दडवले जात होते. बडगीत मिरची-लसूण ठेचला गेला, गर पडला, वरून तेलात तळलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात पडली, आणि भरीत झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“काकू, काका रोज अशी मदत करतात?” लाल स्वेटरवालीने विचारलं.

“रोज,” सुमनबाई म्हणाल्या. “लसून त्याह्यच्याकडेच राह्यतो.”

नानांनी लसणाची सालं पाटाखाली सारली. त्यांनी बोट लावलं.

दोघं भरीत-पुरी खायला बसले तेव्हा ललितचा फोन आला. नानांनी स्पीकर लावला.

“नाना, झक्कास झालं! मीपण पाहिलं. पण तुम्ही सारखं त्या टॅबला टोचत काय होते?”

“जाहिरात थांबवत होतो! मी नसतो त तुह्या मायचा कार्यक्रम झाला असता का?”

“जाहिरात? ती तर आईने गुरुवारीच काढली! बन्सीलाल शेठने नंबर दिला, मी आईला सांगितला, तिने तो टॅबमध्ये भरला. आता काही बोलत नाही की काही पुसलंही जात नाही. तुम्हाला सांगितलं नाही का तिने?”

नानांनी हळूच सुमनबाईंकडे पाहिलं. त्या पुरीवर भरीत घेत होत्या.

“मंग मले इतका वेळ कायले बसवलं?”

“सांगतलं असतं त बसले असते का तुमी?”

नाना मान खाली घालून जेवले. भरीत चांगलंच झालं होतं, आणि त्यातला लसूण त्यांनी सोललेला होता, हे ते आता पाहुण्यांना सांगतात. बाकी त्यांच्यात काही फरक पडलेला नाही. रतिलाल नानांना आजवर कोणी फसवलेलं नाही, हे तर ते अजूनही ठासून सांगतात. फक्त सांगताना आधी स्वयंपाकघराकडे बघतात आणि आवाज जरा उतरवून पुढे जोडतात, “बाहेरच्या कोनी.”