वानखडेभाऊंचं मशीन ‘नाही’ म्हणतं

ढाणकीचे वानखडेभाऊ कोणतंही पत्रक छापण्याआधी ते संगणकाला विचारतात. संताप आम्हा शेतकऱ्यांचा, सभा आमची. परवानगी मात्र मशीनची!

प्रोलॉग नावाच्या संगणकाच्या भाषेत भाऊंनी वाक्यांचे नियम लिहून ठेवलेत. वाक्यात आधी कोण यावं, मग काय यावं आणि त्या-त्या जागी चालणाऱ्या शब्दांची यादी. आपलं वाक्य त्यात बसलं तर पडद्यावर ‘होय’, नाहीतर ‘नाही’. "मशीन खोटं बोलत नाही, बापू," हे भाऊंचं पालुपद. मला यातलं निम्मं कळलं नाही. जे कळलं ते पटलं नाही.

त्या दिवशी दुपारच्या सभेला पत्रक हवं होतं आणि बाराला लाईन जाणार होती. मी पहिलं वाक्य दिलं : सरकार झोपलं आहे.

‘नाही.’

"काहून नाही? जागं आहे काय?"

"मले काय विचारता? नियमात बसून नाही राह्यलं."

व्यापारी लुटतात. ‘नाही.’ शेतकरी जागा झाला. ‘नाही.’ मशीन फितूर आहे, याबद्दल माझी खात्रीच झाली. चिडून म्हणालो, "मंग लिहा, कापूस घरात आहे!"

‘होय.’

कापूस चालतो, व्यापारी चालत नाही. हे कोणतं धोरण?

"भाऊ, यादीत सरकार टाकाले किती वेळ लागते?"

"अर्धा मिनिट."

"मंग टाका ना!"

भाऊ कीबोर्डवरची धूळ पुसत बसले. "तुमची वहिनी सरकार कधी बोललीच नाही. तिच्या तोंडचेच शब्द टाकले मी. तिले जाऊन दोन वर्षं झाले. आता नवे कोठून आणू?"

पावणेबारा झाले होते. मी खुर्ची ओढली आणि वहिनींची यादी वाचू लागलो.

"घ्या. कापूस घरात आहे. चूल थंडी आहे."

होय. होय. तेवढंच पत्रक छापलं.

"नियम उलटेही चालतात, बापू," भाऊ म्हणाले. "आपण काही नाही देलं, तरी मशीन सोताच वाक्य बनवते." त्यांनी कळ दाबली. पडद्यावर आलं : चहा थंडा होऊन राह्यला.

तेवढ्यात लाईन गेली.

"हो, घेतो," भाऊ काळ्या पडद्याला म्हणाले आणि त्यांनी सकाळपासून तसाच पडलेला कप उचलला.